आईच्या वळणावर

१

“जेवताना ती त्याच्या तोंडाकडे बघत असते. अजून तिच्या ध्यानात आलेलं नाही, पण येईल.”

बोलत होत्या सासूबाई, आणि ते अर्थातच तिने ऐकावं म्हणून नव्हतं. ती जिन्यात होती, वरून सातव्या पायरीवर, हातात चहाचे दोन कप. लग्नाला तीन महिने झाले होते. तेवढ्यात नव्या सुनेला पायऱ्यांचे स्वभाव कळतात; कुठली कुरकुरते, कुठली मुकाट पाय ठेवू देते. सातवी मुकाट होती, म्हणून ऐकू आलं.

तिने नव्या सुना करतात तेच केलं. कप एकमेकांवर जरासे वाजवले, पुढच्या पायरीवर मुद्दाम जोरात पाय दिला आणि खाली उतरली. कामाच्या खोलीत सासूबाई मेणाची पट्टी आचेवर धरून बसल्या होत्या, आणि थोरले दीर त्यांच्या नेहमीच्या आरामखुर्चीत. चहाची वाट बघत होतो, यापलीकडे दोघांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. थोरले म्हणाले, या मौनीबाई, तुमचा चहा येईपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा. हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. तिला ते लागलं नव्हतं. दिवसाला मोजून पंधरा-वीस वाक्यं बोलणाऱ्या बाईला यापेक्षा वाईट नावं पडू शकतात.

नवरा बाहेर गेला होता, दंतवैद्यांकडे तयार माल पोचवायला. म्हणजे ‘त्याच्या तोंडाकडे’मधला ‘तो’ म्हणजे नवराच. ती खरंच बघायची का जेवताना त्याच्याकडे? बघत असेल. तीन महिन्यांच्या नवऱ्याकडे बायकोने नाही बघायचं तर कुणी. पकडली गेल्यासारखं वाटून तिचे कान गरम झाले. मग जिना चढताना मागचं वाक्य आठवलं. ध्यानात येईल, ते काय?

२

घर कवळ्या बनवणाऱ्यांचं होतं. तळमजल्यावर कामाची खोली, तिच्यामागे थोरल्यांची खोली. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माळा; जेवायला मात्र सगळे खालीच बसत. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मेण, करवती, कानशी. पाण्याच्या वाडग्यांत तयार कवळ्या भिजत पडलेल्या. पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं, या घरात आपल्याला बघून मोकळेपणी हसणारे एवढेच दिसतायत.

बाकीचे हसत नव्हते असं नाही. पण त्या घरात दात हा गमतीचा विषय नव्हता. लग्न ठरवायला आले तेव्हाही सासूबाईंनी तिचं शिक्षण विचारलं नव्हतं. सफरचंद पुढे केलं होतं आणि ती खात असताना टक लावून बघितलं होतं. घोडा विकत घेताना बघतात तसं, असं तिने नंतर आईला सांगितलं होतं.

सगळ्यात वरच्या फळीवर प्लास्टरचे तीन जबडे होते. आजेसासऱ्यांचा, चुलत सासऱ्यांचा आणि सासऱ्यांचा. तिघेही त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. तिघेही चालतेबोलते, छातीला हात लावून. सासरे तर याच टेबलाशी, हातात कानस घेऊन. आणि तिघांचाही खालचा जबडा किंचित डावीकडे झुकलेला, पुढचा एक दात शेजाऱ्याच्या खांद्यावर चढलेला.

सासरे गेल्यावर सासूबाईंनी सतरा वर्षांच्या थोरल्याच्या जबड्याचं माप घेतलं आणि ते त्या तिघांच्या शेजारी ठेवून पाहिलं. त्या दिवसापासून थोरल्यांचं आयुष्य ठरलं. आळणी जेवण. वजन उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, म्हणून खोली खाली. दर दोन महिन्यांनी डॉक्टर. लग्न नाही, कारण कुणाच्या लेकीला कशाला. आता थोरले बेचाळीस पूर्ण करून आठ महिने झाले होते. ते स्वतःबद्दल बोलताना ‘उरलेला माल’ म्हणायचे, आणि सासूबाई ते ऐकलं नाही असं करायच्या.

धाकट्याचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, सगळं उलट. त्याचा जबडा आईसारखा, नालासारखा गोल, दात एका ओळीत. तो आईच्या वळणावर गेला होता. तेव्हा त्याने वाटेल ते खावं, पोती उचलावीत, लग्न करावं. चौतीस वर्षांत त्याचा रक्तदाबही कुणी मोजला नव्हता. तो हे अभिमानाने सांगे.

तिला हे सगळं ऐकून मनातल्या मनात हसू आलं होतं. बाप दोघांचा एकच, रक्त एकच. ते काय दात बघून उतरतं? एका दुपारी ती हे नवऱ्याला म्हणालीसुद्धा. त्याने आ वासून दाखवलं. “बघ. आहे का काही? आईचे आहेत सगळे.”

पण खरं तर तिलाही भीती वाटली नव्हती, आणि त्याचं कारण शहाणपण नव्हतं. तिच्या माहेरी कुणी लवकर मरतच नसे. आत्या ब्याण्णव, आजोबा अठ्ठ्याऐंशी. माहेरची माणसं आजाराने जात नाहीत, कंटाळून जातात, असं तिचे वडील म्हणत. आजार ही लोकांकडे येणारी पाहुणी, आपण फक्त विचारपूस करायला जायचं, अशी तिची लहानपणापासूनची समजूत होती. कुणी विचारलं असतं तर तीही तिने अभिमानानेच सांगितली असती.

३

तिचा हात हलका होता, म्हणून प्लास्टरचे जबडे तासायचं काम तिच्याकडे आलं. ओल्या कडा कापायच्या, फुगे काढायचे, खाली नंबर लिहायचा. सासूबाईंनी शिकवलं ते डोळ्यांनी नाही, कानांनी. वरचा जबडा खालच्यावर बसवायचा आणि ऐकायचं. एकाच माणसाचे असले की टक् असा एकच आवाज येतो, डबीचं झाकण लागावं तसा. दोघांचे असले की खडखडतात, हलतात, कुठेतरी फट राहते. जुळे भाऊ असले तरी फट राहते. सासूबाई म्हणाल्या होत्या, चेहरा फसवतो, सही फसवते, हे नाही फसवत.

घरात वाढदिवसाला दुसरं काही असो नसो, माप घेतलं जाई. नवऱ्याला चौतीस पूर्ण झाली त्या सकाळी तोही तोंडात मापाचा गोळा घेऊन डोळे मिटून बसला. आधी थोडी कुरकुर केली, डावा जबडा दुखतोय म्हणाला. सासूबाईंनी प्लास्टर स्वतः ओतलं. एरवी ते ती ओतायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फळ्या पुसत होती. सासूबाई वर आडव्या झाल्या होत्या, थोरले मागच्या खोलीत पेपर वाचत होते, नवरा बाहेर. वरच्या फळीवरचे जबडे तिने टेबलावर उतरवून ठेवले होते. नवऱ्याचा नवा वरचा जबडा तिथेच वाळत होता. तिने तो उचलला आणि हाताला आलेल्या खालच्या जबड्यावर ठेवला, सवयीने, मन दुसरीकडे असताना बाई बरणीला झाकण लावते तसा.

टक्.

बरोबर बसलं म्हणून ती पुढे वळलीही. मग हातातल्या वस्तूचा रंग तिला खटकला. वरचा जबडा पांढराशुभ्र होता. खालचा जुन्या हस्तिदंतासारखा पिवळा. तिने उलटा करून नंबर पाहिला. तो सासऱ्यांचा होता.

तिने काढला, पुन्हा बसवला. टक्. डोळे मिटून बसवला. टक्.

नवऱ्याचा नवा खालचा जबडा शोधला, तो कुठेच नव्हता. गेल्या वर्षीचा त्याच्या डबीत सापडला. नवा वरचा त्याच्यावर ठेवला तर तो लंगड्या स्टुलासारखा खडखडला.

ती स्टुलावर बसली आणि स्वतःची समजूत घालायला लागली. आपल्याला या कामाचे तीन महिने झालेत. प्लास्टर फुगतं. माप घेताना तो हलला असेल, तोंड दुखतच होतं त्याचं. बापलेकांचं थोडंफार जुळायचंच. सगळी कारणं चांगली होती. तिने सगळे जबडे परत वर ठेवले, दात भिंतीकडे करून. मग उठून दात परत बाहेरच्या बाजूला केले, कारण आधी ते तसे होते.

४

आता ती खरंच बघायला लागली. आणि बघितल्यावर जे दिसलं त्यात भुताटकी काही नव्हती, तेच जास्त वाईट होतं.

जिन्याला एकोणीस पायऱ्या होत्या. नवरा बाराव्या पायरीवर थांबायचा. आधी तिला वाटायचं, काही विसरला म्हणून थांबला. तो डावा तळवा जबड्यावर दाबून धरायचा, मान जरा वाकडी करायचा, दोन मिनिटं श्वास घ्यायचा आणि मग शीळ घालत वर यायचा. प्लास्टरची पोती माळ्यावर ठेवायची असली की हटकून. रिकाम्या हाताने हळू आला तर नाही.

जेवताना मात्र काही दुखत नसे. टणक पाव खाई, शेंगदाणे फोडी, सफरचंदाचा लचका तोडी. दात दुखणारा माणूस असा खातो का, हे दातांच्या घरात कुणी कसं विचारत नाही, याचं तिला नवल वाटलं. मग लक्षात आलं की म्हणूनच विचारत नाहीत. सुताराच्या घरात दार वाजलं की तो आधी बिजागरी बघतो. इथे जबडा दुखला म्हणजे जबडाच दुखला. नवरा स्वतः म्हणाला, दाढ उंच झालीय, घासली की झालं. सासूबाईंनी त्याला खिडकीपाशी बसवून दाढ घासली. चार दिवसांनी परत घासली. मग रात्री दातांवर चढवायला एक पट्टी करून दिली.

थोरल्यांना कधी नुसती ढेकर अडकली तरी गाडी बोलावली जाई.

तिने दोन दिवस एक वाक्य जुळवलं आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंना म्हणाली, ह्यांना एकदा डॉक्टरांना दाखवू या का, थोरल्या भाऊजींबरोबर. सासूबाई कवळीला चकाकी देत होत्या. हात थांबला नाही. त्याला कशाला, म्हणाल्या, तो माझ्या वळणावर गेलाय. चेहऱ्यावर हसू होतं, पण ओठ मिटलेले होते.

त्या आठवड्यात डॉक्टरांकडे थोरल्यांनाच नेलं. कागद घेऊन आले तेव्हा सासूबाईंनी ते कुणाला न दाखवता कपाटात ठेवले. थोरल्यांनीच जेवताना सांगितलं. डॉक्टरांनी छातीच्या ठोक्यांची पट्टी दोनदा काढली म्हणे, आधी यंत्रावर संशय घेतला, मग जुन्या कागदांवर. गेल्या दहा वर्षांत एवढी चांगली आली नव्हती.

नवऱ्याने भावाच्या पाठीवर थाप मारली आणि हसला. तोंड मिटून हसला. पूर्वी तो असा हसत नसे. भिंतीवरच्या फोटोत सासरे असे हसत होते.

५

पुढल्या मंगळवारी ती स्वयंपाकघरात असताना कुणीतरी जिना चढताना ऐकू आलं. भराभर, एका दमात, एकोणीसच्या एकोणीस. सासूबाई न्हाणीघरात होत्या, पाण्याचा आवाज येत होता. नवरा मालासाठी गेलेला. आणि पावलं ओळखीची नव्हती. त्या घरातल्या जिन्यावर ती पावलं तिने कधीच ऐकली नव्हती.

ती हात पुसत दाराशी आली. वरच्या पायरीवर थोरले उभे होते.

त्यांना दम लागला नव्हता. ते एका हाताने कठडा धरून स्वयंपाकघर बघत होते. ओटा, खिडकी, पातेली. पंचवीस वर्षांत त्यांनी हे घर वरून पाहिलं नव्हतं. खिडकीतून मागची गल्ली दिसते हे ते विसरून गेले होते. ते म्हणाले, इथून बरीच लांबपर्यंत दिसते की. मग आईला सांगू नका म्हणाले.

ती काही बोलली नाही. ते तिच्या सवयीचंच होतं, पण त्यांना बहुधा तो प्रश्न वाटला. कारण मग ते खाली बसले, सगळ्यात वरच्या पायरीवर, तिच्याकडे पाठ करून, आणि सांगायला लागले. शेंगदाणा म्हणे त्यांच्या तोंडात नेहमी डावीकडेच फुटायचा. दुसरीकडे दात एकमेकांना मिळतच नसत. एकाच बाजूवर आयुष्य काढलं. आता दीडेक महिना झाला, कुठेही फुटतो. सकाळी जीभ फिरवली की परक्या घरात शिरल्यासारखं वाटतं. मीठ खाऊन बघितलं. काही झालं नाही. जिना चढून बघितला. तीनदा अर्ध्यापर्यंत. वरपर्यंत हा आज पहिल्यांदाच.

हे ऐकताना तिला वाटलं, माणूस सुटला, आनंदात असेल. पण ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता.

“मी मागितलं नव्हतं, मौनीबाई,” ते म्हणाले. “कधीच नाही. एकदासुद्धा नाही.”

आणि हे बोलताना त्यांचं तोंड उघडलं तेवढ्यात तिने नको असताना पाहिलं. दात एका ओळीत होते.

न्हाणीघरातलं पाणी थांबलं. थोरले उठले आणि पावलांचा आवाज न करता उतरून गेले, एखाद्या धडधाकट माणसासारखे.

६

ती वेडी नव्हती. तिने दोन-तीन दिवस हिशेबाने विचार केला. मोठ्या माणसाचे दात सरकतात. एखादी दाढ गेली की बाकीचे वाट काढतात. थोरल्यांना आधीपासून काही नसेलच, घाबरवून घाबरवून आजारी ठेवलं असेल. नवऱ्याला आहे, कारण बापाला होतं. दात काहीही सांगोत. म्हणजे जादू कुठेच नाही. फक्त ज्याला जपायला हवं होतं त्याला सोडलं आणि दुसऱ्याला पंचवीस वर्षं कोंडलं. एवढीच चूक. हे वाक्य तिला इतकं पटलं की तिने ते मनात पाठ केलं. रक्त, छाती, डॉक्टर. सासूबाईंना सांगायचं, सगळ्यांसमोर सांगायचं.

त्या धीरावरच ती दुपारी खाली उतरली. कामाच्या खोलीत कानशीचा आवाज येत होता. बारीक, थांबून थांबून.

सासूबाई खिडकीशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. मांडीवर फडकं, फडक्यावर पांढरी भुकटी. हातात पांढराशुभ्र खालचा जबडा, त्या दिवशी न सापडलेला. डावीकडे झुकलेला. पुढचा एक दात शेजाऱ्यावर चढलेला, आणि सासूबाई तोच घासत होत्या. थोडं घासायच्या, अंगठा फिरवून बघायच्या, परत घासायच्या. लेकराचं तोंड पुसावं तशा.

सून आली हे त्यांना कळलं. त्यांनी लपवलं नाही.

“प्लास्टर जरा फुगलं होतं,” त्या म्हणाल्या.

ती उभी राहिली. पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. पण जबड्यातून नजर निघेना. घासून घासून त्या दाताचा टोकाचा भाग गेला होता, आणि तरी तो शेजाऱ्यावर चढलेलाच दिसत होता. जेवढा घासला जात होता तेवढाच पुन्हा होता. किंवा तिला तसं वाटलं. खिडकीतून उजेड तिरपा येत होता.

“दोघा भावांना एकदम कधीच नसतं,” सासूबाई खाली बघून म्हणाल्या. आणि मग आवाज न चढवता, बाजारातून आलेल्या बाईने पिशवी खाली ठेवावी तशा म्हणाल्या, “पंचवीस वर्षं मी थोरल्याचं मीठ मोजलंय. रात्री उठून त्याच्या नाकाशी हात धरून बघितलंय. आता पुन्हा पहिल्यापासून नाही व्हायचं माझ्याच्याने. हा धाकटा बरा आहे. हा बराच राहू दे.”

तिला राग यायला हवा होता. आला नाही. त्या बाईचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते आणि ते थांबत नव्हते. ती वाक्य गिळून जिना चढली. बाराव्या पायरीवर ती स्वतः थांबली, उगाच, आणि जबड्याला हात लावून बघितला.

७

संध्याकाळी तिने नवऱ्याला सरळ सांगितलं. जबड्याचं नाही, तो आवाज तिने स्वतःशीच ठेवला. जिन्याचं सांगितलं, पोत्यांचं, घामाचं. उद्या दाखवून येऊ म्हणाली. त्याने हे सगळं नीट ऐकून घेतलं, हेच तिला बरं वाटलं नाही. एरवी त्याने थट्टा केली असती.

आधी म्हणाला, एवढा माल पोचवू दे, सोमवारी जाऊ. मग म्हणाला, तुला ठाऊक आहे, मी लहान असताना दादाला पतंग उडवायला गच्चीवर येऊ द्यायचे नाहीत. मी वर आणि तो खाली अंगणात मान वर करून उभा. मी मुद्दाम जास्त वेळ उडवायचो. “मला वाटायचं, बरं झालं तो आहे.”

खोलीत दिवा लावायचा राहिला होता. तो आरशाकडे तोंड करून बसला होता आणि तिने आरशात पाहिलं. एक माणूस तोंडावर आडवा हात धरून बसला होता. डोळे नवऱ्याचे होते. हाताखाली काय होतं ते दिसत नव्हतं, आणि हात बाजूला कर असं म्हणायचं तिला जमलं नाही.

तिने सोमवारची वेळ घेऊन ठेवली. तो दिवस शुक्रवार होता.

८

शनिवारी अकराच्या सुमारास प्लास्टरची पोती आली. नवऱ्याने पहिलं खांद्यावर घेतलं. ती वर होती. राहू दे, हमाल बघू, असं म्हणत जिन्याच्या तोंडाशी आली. तो तिच्याकडे बघून हसला, ओठ मिटून, आणि चढायला लागला.

बाराव्या पायरीवर थांबला. तळवा जबड्यावर गेला. मग पोतं खांद्यावरून सुटलं, एकेक पायरी आपटत खाली गेलं आणि फुटलं. पांढरा धूर जिनाभर उठला. धूर बसला तेव्हा तो पायरीवर बसलेला होता, कठड्याला डोकं टेकून. कपाळावरून पाणी टपटपत होतं. शर्टाची पाठ भिजली होती.

खालून सासूबाई आल्या. त्यांच्या हातात मेणाची पट्टी होती. त्यांनी सवयीने तीच उचलली होती. त्या पायऱ्या चढून त्याच्यापुढे बसल्या आणि म्हणाल्या, दाढ परत उंच झाली, उघड तोंड, बघू दे मला. त्याची हनुवटी धरली. त्याचे डोळे मिटलेले होते. त्याने तोंड उघडलं.

जिन्याच्या खिडकीतला उजेड सरळ आत पडला.

ती वरून बघत होती, पाच-सहा पायऱ्यांवरून. क्षणभरच. सासूबाईंचं डोकं मध्ये आलं, आणि नंतर तिला कुणी शपथेवर विचारलं असतं तर तिने फार तर एवढंच सांगितलं असतं की, आत बरंच काही डावीकडे झुकलेलं होतं. आणि ते जुनं होतं. चौतीस वर्षांच्या माणसाच्या तोंडात असावं त्यापेक्षा खूप जुनं, पिवळं, बरेच जण वापरून गेल्यासारखं. सासूबाईंच्या हातून पट्टी पडली. तरी त्या म्हणतच होत्या, काही नाही, काही नाही, माझ्या वळणावर गेलाय हा.

जिन्याच्या पायथ्याशी, पांढऱ्या भुकटीत पायाचे ठसे उमटवत, थोरले येऊन उभे होते. दोन्ही हात थोडे पुढे. एक पाय पहिल्या पायरीवर. आईने मागे न बघताच त्यांना बजावलं, थोरल्या, तू येऊ नकोस, तुला सोसायचं नाही. आणि ते थांबले. पंचवीस वर्षं थांबलेला माणूस थांबतो तसे, पाय पायरीवरच ठेवून. तोंड उघडं होतं. त्यांनी वर तिच्याकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली नाही.

नवऱ्याच्या घशातून घरघर आली. तो आता एका बाजूला कलत होता. सासूबाई त्याला धरत होत्या, पण त्यांचे हात त्याच्या हनुवटीलाच होते, आणि त्या एकट्या वृद्ध बाईला तो काय पेलणार. तिला स्वतःलाही नसता पेलला. कोपऱ्यावर गाड्या उभ्या असतात. धावत गेलं तर दोन मिनिटं. त्याला जिना उतरवायला मात्र माणूस हवा होता, धडधाकट.

इतके दिवस जपून ठेवलेलं वाक्य तिने तोंडाशी आणलं. रक्त, छाती, डॉक्टर. ते तिथेच होतं, शब्दन्‌शब्द. ती भिंतीला धरून त्या दोघांच्या बाजूने खाली उतरली, पांढऱ्या पायऱ्यांवर घसरत, आणि थोरल्यांच्या समोर येऊन उभी राहिली. मागून सासूबाई पुन्हा म्हणाल्या, त्याला नको सांगूस. तिने थोरल्यांच्या उघड्या तोंडात पाहिलं, न लाजता, पाहायचं म्हणूनच पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्यांना आणि सासूबाईंनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

“भाऊजी, ह्यांना तुम्ही उचला. तुम्हाला आता काही व्हायचं नाही.”